अस्सल बरहुकूम नक्कल

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. वर्गात लावायला एखादा जुना नकाशा मिळेल म्हणून मी वसईहून चोर बाजारात गेलो होतो. मटण स्ट्रीटवर एका दुकानाबाहेर खिळ्याला एक चित्र टांगलेलं दिसलं. काच तडकलेली, कागद पिवळा पडलेला. चित्रात एक बंदर. उजव्या हाताला कमानींच्या तीन-चार मजली इमारती, मध्ये शिडांची जहाजं, धक्क्यावर टोपीवाले साहेब आणि घेरदार झग्यातल्या मडमा. जवळ जाऊन पाहिलं तर साहेबांचे डोळे आपल्याकडच्या जुन्या चित्रांतल्यासारखे लांबट होते आणि पाण्याच्या लाटा माशाच्या खवल्यांसारख्या ओळीनं काढल्या होत्या. बंदर युरोपचं, पण काढणारा हात इथला.

मी किंमत विचारली. दुकानदार म्हणाले, "सर, ये ओरिजिनल नहीं है, नक़ल है. ओरिजिनल होता तो बाहर लटकाता क्या?"

चित्र मी घेतलं नाही. ते खरंच जुनं होतं असा माझा दावाही नाही. पण 'ओरिजिनल नहीं है' हे वाक्य माझ्याबरोबर लोकलनं वसईला आलं. कारण हे वाक्य मी फक्त चित्रांबद्दल ऐकलेलं नाही. माणसांबद्दलही ऐकलंय, आणि माझ्याबद्दलही.

त्या चित्राच्या जातकुळीचा मग मी शोध घेतला. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

भिंगातलं शहर

अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या घराघरांत एका करमणुकीची चलती होती. लाकडी दांड्यावर एक मोठं बहिर्गोल भिंग बसवलेलं आणि त्याच्यामागे तिरका आरसा. खाली टेबलावर चित्र ठेवायचं आणि भिंगातून त्याचं आरशातलं प्रतिबिंब बघायचं. सपाट कागदावरचा रस्ता खोल जातोय, इमारती मागेमागे सरकतायत असा भास व्हायचा. या यंत्रासाठी खास चित्रं छापली जात. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, कागदावर छापायची आणि मग हातानं भडक रंगवायची. लंडन, पॅरिस, जर्मनीतलं ऑग्सबर्ग आणि इटलीतलं बासानो ही या धंद्याची मोठी ठिकाणं. फ्रेंच भाषेत या चित्रांना 'व्ह्यू दॉप्तिक' म्हणतात. बंदरं, कालवे, चौक आणि राजवाडे हे त्यांचे लाडके विषय, कारण लांबच लांब धक्का किंवा इमारतींची रांग असली की खोलीचा भास पक्का होतो.

आरशात सगळं उलटं दिसतं. म्हणून बऱ्याच चित्रांच्या माथ्यावरचं नाव मुद्दाम उलट्या अक्षरांत छापलेलं असे, म्हणजे आरशात ते सरळ वाचता यावं. एका तासाला उजवीकडून डावीकडे आणि पुढच्या तासाला डावीकडून उजवीकडे लिहायला शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याची गंमत वाटली नसती तरच नवल.

हीच चित्रं पेटीत घालून जत्रेतही दाखवली जात. इराणात अशा पेटीला 'शहर-ए-फरंग' म्हणत, म्हणजे फिरंग्यांचं शहर. आपल्या गल्लीत डोळा लावून बघायला लावणारा बायस्कोपवाला याच खानदानातला.

कच्छची बंदरं, कच्छबाहेरची

ही चित्रं जहाजांतून पूर्वेकडे आली. ती समजून-उमजून कुठे कॉपी झाली याचं आपल्या किनाऱ्यावरचं सगळ्यात ठळक उदाहरण कच्छचं आहे. कच्छ आपल्याला आज परका वाटतो, पण १९५६ ते १९६० या काळात कच्छ आणि वसई एकाच मुंबई राज्यात होते. समुद्राच्या वाटेनं तर त्याच्या कितीतरी आधीपासून शेजारी.

अठराव्या शतकाच्या मध्यावर कच्छवर राव लखपतजींचं राज्य होतं. काव्यरचना शिकवण्यासाठी त्यांनी भुजमध्ये ब्रजभाषेची पाठशाळा काढली, आणि त्याच भुजमध्ये आईना महाल बांधून घेतला. आरसे, झुंबरं, घड्याळं, डच धर्तीच्या निळ्या-पांढऱ्या फरशा आणि युरोपातून आलेली छापील चित्रं. महाल उभारणारा कारागीर रामसिंह मालम. त्याच्याबद्दल सांगतात की तरुणपणी त्याचं जहाज फुटलं, डच जहाजानं त्याला वाचवून हॉलंडला नेलं आणि तिथे अठरा वर्षं राहून तो काच, फरशा, घड्याळं असे हुन्नर शिकून परतला.

या वातावरणात कच्छच्या चितारींच्या हाती ती भिंगाची चित्रं पडली. कलेचे अभ्यासक बी. एन. गोस्वामी आणि अ‍ॅना दल्लापिकोला यांनी १९८३ साली कच्छच्या १७२० ते १८२० या शंभर वर्षांतल्या चित्रकलेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा हा ठेवा अभ्यासकांसमोर नीट आला. छापील चित्र समोर ठेवून आपल्या कागदावर, आपल्या जलरंगात आणि आपल्या कुंचल्यानं काढलेली युरोपची शहरं आणि बंदरं. काढणाऱ्यानं ते बंदर पाहिलेलं नाही, तिथली भाषा त्याला येत नाही, धक्क्यावर उभा असलेला माणूस व्यापारी आहे की शिपाई हेही त्याला माहीत असायचं कारण नाही. त्यानं डोळ्यांनी वाचलं आणि हातानं लिहून काढलं.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे चितारी तिथेच थांबले नाहीत. लांब जाणाऱ्या रेषा एका बिंदूत कशा मिळवायच्या हे त्या परक्या बंदरांवर गिरवून झाल्यावर त्यांनी तीच नजर आपल्या गावाकडे वळवली. भुजचे महाल, तट आणि रस्ते त्यांनी त्या पद्धतीनं काढले. नक्कल करता करता आपलंच शहर त्यांना नव्यानं दिसलं. आमच्या शिक्षकी भाषेत सांगायचं तर आधी अनुलेखन, मग स्वतंत्र निबंध. बी.एड.ला आम्हाला हाच क्रम शिकवला होता.

मूळ तरी कुठलं?

आता दुकानदाराच्या 'ओरिजिनल'कडे येऊ. कच्छच्या चित्राचं मूळ म्हणजे युरोपातलं छापील चित्र. पण त्या छापील चित्राचं मूळ काय?

व्हेनिसचा कालवा घ्या. कानालेत्तो या चित्रकारानं तो रंगवला. आंतोनियो विझेंतिनीनं त्या चित्रांवरून १७३५ साली तांब्याचे पत्रे कोरून पुस्तक काढलं. त्या पुस्तकावरून भिंगाच्या चित्रांचा धंदा करणाऱ्यांनी आपापले पत्रे कोरले आणि एकमेकांचे उचललेही. चित्र बघून सरळ पत्र्यावर कोरलं की छाप उलटी येते, डावीकडची इमारत उजवीकडे जाते. म्हणून एखाद्या छापील चित्रात शहर आरशातल्यासारखं उलटं दिसलं की ते कुणाच्या तरी पत्र्यावरून घेतलं असावं अशी शंका घेता येते. असं एक व्हेनिस जपानला पोहोचलं. तिथे उतागावा तोयोहारूनं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावरून लाकडी ठशाचं चित्र केलं आणि नाव दिलं ते डच लोकांच्या एका बंदराचं. व्हेनिस वाटेत हॉलंडवासी झालं!

फ्रान्सच्या बंदरांचंही तसंच. पंधराव्या लुईच्या दरबारानं १७५३ साली जोसेफ व्हेर्ने या चित्रकाराला फ्रान्सची बंदरं रंगवायचं काम दिलं. त्यानं पंधरा मोठी चित्रं केली, त्यांच्यावरून छापील चित्रं निघाली आणि त्यांच्यावरून पुन्हा भिंगाची चित्रं निघाली.

हे निदान पाहून काढलेल्याची नक्कल. काही तर न पाहताच काढलेली. १७७६ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांनी इंग्लंडच्या राजाचा पुतळा पाडला. ऑग्सबर्गच्या फ्रान्झ हाबरमाननं त्याचं चित्र छापलं. त्यातल्या इमारती युरोपातल्या, आणि खरा पुतळा घोड्यावर बसलेला असताना चित्रातला राजा पायावर उभा! गिऱ्हाइकानं ते न्यूयॉर्क म्हणून घेतलं आणि भिंगातून बघून थक्कही झालं.

म्हणजे भुजच्या चिताऱ्यासमोर जे 'अस्सल' होतं, ते स्वतःच तिसऱ्या-चौथ्या हाताची नक्कल होतं. तरी त्याला आपण छापील चित्र, मुद्राचित्र असं म्हणतो आणि नकलेचा शिक्का मात्र भुजच्या कागदावर मारतो.

उलट बाजूनं पाहा. आमच्या वसईच्या किल्ल्याचं एक जुनं चित्र पुस्तकांतून, फलकांवरून आपण सगळ्यांनी पाहिलंय. १६३५ साली आंतोनियो बोकारोनं पोर्तुगीज ठाण्यांची माहिती लिहिली आणि पेद्रो बार्रेतो द रेझेंदेनं त्यासोबत नकाशाचित्रं दिली. त्यात वसईही आहे. त्या चित्रांच्याही हातानं नकला झाल्या आणि त्या वेगवेगळ्या ग्रंथालयांत जाऊन बसल्या. यातली कुठलीही प्रत दिसली की आपण म्हणतो, हा वसईचा अस्सल जुना नकाशा. त्याला कोणी नकली म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

अजिंठ्याचं उदाहरण आणखी जवळचं. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतले एक. नकला लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. उरलेल्या आज मोलाच्या आहेत, कारण लेण्यांत तेव्हा दिसणारे काही भाग आता दिसत नाहीत. या कामाला आपण 'दस्तऐवजीकरण' म्हणतो. साहेबाच्या हुकमानं आपल्या पोरांनी अजिंठा उतरवला तर दस्तऐवज, आणि आपल्या राजाच्या पदरी असलेल्या चिताऱ्यानं साहेबाचं बंदर उतरवलं तर नक्कल. हा शब्दांचा भेद नाही, पत कुणाची धरायची याचा आहे.

नक़्ल म्हणजे काय

मी भाषेचा शिक्षक, म्हणून शब्दाकडे वळतो. 'नक़्ल' हा अरबी शब्द. त्याचा पहिला अर्थ एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं. उर्दूत वाहतुकीला 'नक़्ल-ओ-हमल' म्हणतात आणि गाव सोडून दुसरीकडे राहायला जाण्याला 'नक़्ल-ए-मकानी'. मदरशांत जुन्या काळापासून विद्यांचे दोन भाग मानत आलेत. बुद्धीनं मिळवायच्या त्या 'माक़ूलात' आणि आधीच्यांकडून जशाच्या तशा पुढे पोहोचवायच्या त्या 'मनक़ूलात'. क़ुरआन आणि हदीसची विद्या या दुसऱ्या भागातली. म्हणजे आमच्या परंपरेत नक़्ल ही शरमेची गोष्ट नव्हती, ती अमानत होती. अट एकच, सनद. हे मी कुणाकडून ऐकलं, त्यानं कुणाकडून, त्यानं कुणाकडून, ही साखळी सांगता आली पाहिजे. साखळी तुटली की रिवायत कमजोर.

मराठीत येताना या शब्दाला बहुरूप्याची नक्कल चिकटली, 'नकली' दागिना चिकटला. पण जुना अर्थ एका ठिकाणी टिकून राहिला, तो सरकारी दप्तरात. सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली तलाठी लिहायचे, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. यातलं 'खरी' सोडलं तर बाकीचे तीन शब्द अरबी-फारसीतून आलेले. आणि या चार शब्दांवर महाराष्ट्राच्या शेतकऱ्याची जमीन उभी आहे. अस्सल कचेरीत राहतं. घरच्या पेटीत जपून ठेवतात ती नक्कल. ती खरी असते, कारण ती कुठून उतरवली हे तिच्यावर लिहिलेलं असतं.

किनाऱ्याची भाषाही अशीच वाहून आलेली. 'बंदर' फारसी. 'खलाशी' अरबी. आमच्या कोळी बांधवांचा 'नाखवा' म्हणजे फारसीतला 'नाख़ुदा', नावेचा धनी. आणि रामसिंहाच्या नावातला 'मालम' म्हणजे अरबी 'मुअल्लिम'. अरबी समुद्रात वाट दाखवणाऱ्या जाणकाराला मुअल्लिम म्हणत. वास्को द गामाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इकडे आणणाऱ्या वाटाड्याला पोर्तुगीजांनी 'मालेमो' लिहिलंय, ते त्याच शब्दावरून. आणि उर्दू शाळेत मुअल्लिम कोण? मास्तर! कच्छचा एक हिंदू दर्यावर्दी आणि वसईतला एक मुसलमान शिक्षक एकाच पदवीचे मानकरी निघाले.

'तुम्ही मूळचे कुठले?'

माझ्या आडनावापाठोपाठ हा प्रश्न येतो. वसई म्हटलं की पुन्हा विचारतात, "नाही हो, मूळचे?" कधी कौतुकही होतं, "तुमचं मराठी किती चांगलं आहे." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मी जाणतो. पण त्या कौतुकात एक गृहीत बसलेलं असतं की मराठीची अस्सल प्रत दुसरीकडे आहे आणि माझ्याकडे नक्कल आहे. सोपारा बंदराचं नाव अरब भूगोलकारांनी हजार वर्षांपूर्वी 'सुबारा' असं नोंदवलंय. अरबी समुद्रातून माणसं, धर्म आणि शब्द या किनाऱ्यावर तेव्हापासून उतरतायत. तरी उतारा मात्र आमच्याकडेच मागितला जातो.

पण बोट फक्त दुसऱ्याकडे दाखवणं बरोबर नाही. हाच रोग आमच्या घरातही आहे. लग्न जमवताना 'असल नसल' काढायची, शिजरा बाहेर काढून आमचे पूर्वज अरबस्तानातून आले, तुर्कस्तानातून आले असं सांगायचं, आणि जो इथल्याच मातीतला आहे, घरात मराठी बोलतो, ज्याचे आजोबा विणकर किंवा पिंजारी होते, त्याला दुय्यम लेखायचं. कधी त्याच्या उर्दूच्या उच्चाराला हसायचं. म्हणजे बाहेरचे आम्हाला नकली मराठी म्हणतात आणि आम्ही आपल्याच भावाला नकली मुसलमान म्हणतो. दोघांच्या हातात त्या दुकानदाराचाच खिळा आहे, आतलं कोण आणि बाहेर टांगायचं कोण हे ठरवणारा.

कच्छमध्ये कमानगर नावाची मुस्लीम कारागीर जमात आहे. नावाप्रमाणे मूळ धंदा धनुष्यं बनवायचा. पुढे हे लोक भिंती रंगवू लागले आणि कमानगरी नावाची भित्तिचित्रांची शैलीच तयार झाली. तेरा गावच्या गढीत त्या शैलीतलं रामायण भिंतीवर उतरलंय. यात 'मूळ' कुणाचं आणि 'नक्कल' कुणाची हे वेगळं काढायला बसलात तर हाती फक्त भिंतीचा चुना लागेल.

मग खोटं काय?

याचा अर्थ सगळं चालतं असा नाही. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघणाऱ्याला मी सोडत नाही. नवा कागद चहाच्या पाण्यात बुडवून 'दोनशे वर्षं जुना' म्हणून विकणारा फसवतोच. पण या दोघांचा गुन्हा नक्कल करणं हा नाही. कुठून घेतलं हे लपवणं हा गुन्हा आहे. सनद तोडणं हा गुन्हा आहे.

या निकषावर पाहिलं तर भुजच्या चिताऱ्यानं काहीच लपवलं नव्हतं. दरबारात सगळ्यांनाच माहीत होतं की हे फिरंगी चित्रावरून काढलंय, तीच तर त्याची मौज होती. साखळी तोडली ती नंतरच्यांनी. कानालेत्तोचं नाव राहिलं, विझेंतिनीचं राहिलं, हाबरमानचंही राहिलं. ज्यानं कुंचल्यानं ते बंदर इथवर आणलं त्याच्या नावाच्या जागी 'कच्छ, अठरावं शतक' एवढंच उरलं. म्हणून संग्रहालयांकडे माझं एक साधं मागणं आहे. अशा चित्राखाली 'युरोपीय चित्राची प्रतिकृती' एवढ्यावर थांबू नका. कुठल्या छापील चित्रावरून, ते कुणाच्या चित्रावरून, कागद कुठला, आणि इथल्या हातानं त्यात काय बदललं, हे लिहा. नाव सापडत नसेल तर 'नाव नोंदलेलं नाही' असं लिहा. तेवढ्यानंही साखळीत एक जागा राखली जाते.

शाळा सुरू झाल्यावर मी मोबाइलवर काढलेला त्या चोर बाजारातल्या चित्राचा फोटो आठवीच्या वर्गाला दाखवला. दोन दिवसांनी मागच्या बाकावरचा एक मुलगा वहीच्या कागदावर तेच बंदर काढून घेऊन आला. इमारती जरा वाकड्या, पण एका जहाजावर त्यानं आपल्या पाचूबंदरच्या होड्यांसारखी झेंड्यांची रांग लावलेली. शेजारचा ओरडला, "सर, यानं नक्कल केलीय!" पोरगा ओशाळला. मला हळूच विचारतो, "सर, मग खाली माझं नाव टाकू का नको?"

मी म्हटलं, टाक. आणि नावाखाली लिही, कशावरून काढलंस ते. त्यानं डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'सरांच्या मोबाइलमधल्या चित्रावरून. ते चित्र दुसऱ्या चित्रावरून.' मग थोडा विचार करून पुढे जोडलं, 'झेंडे माझे.'